छोट्या खोलीसाठी छोटा पण दमदार सबवूफर: वॉट बघू की आकार? (मदत हवी आहे)

खर्जवेडा:
मंडळी, सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) बदलायचाय आणि वाचून वाचून डोकं पार भंजाळलंय. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

खोली ४.२ मीटर लांब, ३ मीटर रुंद, छत २.७ मीटरवर. दार एकच, नीट बंद होतं. टीव्ही आखूड भिंतीवर, सोफा त्यापासून २.१ मीटरवर. त्याच्या मागे कामाचं टेबल आणि काचेचं कपाट, त्यामुळे सोफा आणखी मागे नेता येत नाही. सध्याचा सब १० इंची, पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला), ३०० वॉटचा. दारामागच्या कोपऱ्यात पेटाऱ्यासारखा बसलाय, त्यामुळे दार पूर्ण उघडत नाही आणि घरातले सगळे तिरके होऊन आत येतात. यावरून रोज एकदा तरी विषय निघतोच.

तक्रार अशी की सिनेमात स्फोट झाला की कपाटाच्या काचा थरथरतात, पण सोफ्यावर पोटात काहीच जात नाही. आता फूटभर घनाच्या आतले सब मिळतात आणि त्यांच्यावर ८००, १००० वॉट लिहिलेलं असतं. केईएफ केसी६२ आणि एसव्हीएस ३००० मायक्रो हे दोन डोळ्यांसमोर आहेत. १००० वॉट म्हणजे माझ्या पेटाऱ्याच्या तिप्पट दणका, असंच ना?

जुनं खोड:
नाही. वॉट म्हणजे दणका नव्हे. ३०० चे १००० केले तर गणिताने जेमतेम ५ डेसिबल वाढतात, आणि तेही बाकी सगळं सारखं असेल तर. इथे बाकी काहीच सारखं नाही.

छोट्या बंद पेटीत कोन (स्पीकरची आत-बाहेर हलणारी तबकडी) मागे सरकला की आतली हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी उलटा धक्का देते. पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठर. त्या १००० वॉटमधला मोठा हिस्सा या स्प्रिंगशी कुस्ती खेळण्यात जातो. हॉफमन यांचा जुना नियम आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. छोट्या सबने तिसरी सोडून दिलेली असते. ती उणीव ताकदवान क्लास डी (कमी तापणारा, लहान जागेत मावणारा) अॅम्प्लिफायर भरून काढतो. ध्वनी-अभियंते बॉब कार्व्हर यांनी आपल्या सनफायर कंपनीच्या ११ इंची डब्यात २७०० वॉटचा अॅम्प घातला होता, तो हौस म्हणून नव्हे.

दुसरं म्हणजे हवा हलवायला पृष्ठभाग लागतो. केसी६२ मध्ये साडेसहा इंची दोन कोन आहेत, मायक्रोमध्ये आठ इंची दोन. व्यासांचे वर्ग करून बेरीज करा: ८४.५ आणि १२८. एकट्या १२ इंचीचा वर्ग १४४. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा जितका कमी तितका खर्ज खोल. आता ४० हर्ट्‌झला जो आवाज मिळतो तोच २० हर्ट्‌झला हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. कोन लहान असेल तर तो तितका जास्त आत-बाहेर धावणार. धावून धावून मर्यादा आली की आतलं डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) खालचा खर्ज गुपचूप कापतं. म्हणून दुकानात हळू आवाजात हे सब पाताळ गाठतात आणि आवाज चढवला की तळ हरवतो. यात लबाडी काही नाही, भौतिकशास्त्र आहे. पण लहान बंद खोलीत तुम्हाला इतका आवाज लागतो का, हे आधी ठरवा.

मोजपट्टी:
खोडकाका म्हणतात ते सगळं बरोबर, पण धागाकर्त्यांचा रोग वेगळाच दिसतोय. खोली ४.२, सोफा २.१. अहो, तुम्ही बरोब्बर मध्यावर बसलाय!

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने, म्हणजे ८.४ ने भागा. साधारण ४१ हर्ट्‌झ. या सुराची लाट तुमच्या दोन आखूड भिंतींमध्ये उभी राहते: भिंतींपाशी जोर, मध्यावर जवळजवळ शून्य. काचा का थरथरतात आणि पोटात का काही जात नाही, ते यातच आलं. कोपऱ्यात ठेवलेला सब ही लाट सगळ्यात जोरात उठवतो. तिथे ३००० वॉटचा आणून ठेवलात तरी काचाच आधी फुटतील.

फोनवरून रिसीव्हरला (स्पीकर आणि सब ज्याला जोडलेत त्या डब्याला) ४१ हर्ट्‌झचा सूर द्या, आवाज बेताचा ठेवा. सोफ्यावर बसा, मग उठून टेबलापर्यंत चालत जा. काय होतं ते इथे लिहा.

गप्पगार:
दोन सब घ्या. एक पुढे मध्यात, एक मागे मध्यात. विषय संपला.

खर्जवेडा:
@गप्पगार, एकालाच जागा नाही हो.

@मोजपट्टी, केलं. सोफ्यावर बसल्यावर वाटलं सब बंदच पडलाय. हात लावून पाहिला तर कोन चांगला हलत होता. टेबलापाशी गेलो तर कानात दडे बसल्यासारखं झालं, आणि टेबलावरचं पेन घरंगळत खाली पडलं. मुलीला बोलावून तिलाही चालायला लावलं. ती म्हणाली, "बाबा, सोफ्यावर आवाजाला भोक पडलंय." याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

मग आता? सोफा हलत नाही, भिंती हलत नाहीत.

मोजपट्टी:
सब हलतो की! छोट्या सबचा खरा फायदा इथे आहे. तो कोपऱ्यात दडवण्यापेक्षा सोफ्याच्या अगदी शेजारी, हाताच्या टेकूला लागून ठेवता येतो. लांबीच्या मध्यावर ठेवल्यामुळे ४१ ची उभी लाट जवळपास उठतच नाही आणि तुमच्यापर्यंत थेट आवाज पोचतो. शिवाय जवळ असल्यामुळे त्याला कमी राबावं लागतं, म्हणजे खोडकाकांनी सांगितलेली मर्यादाही लवकर येत नाही. खालच्या मजल्यावरही त्रास थोडा कमीच होईल.

नवा घेण्याआधी एका संध्याकाळपुरता तुमचा पेटारा तिथे ठेवून बघा.

खर्जवेडा:
पेटारा काल सोफ्याशेजारी ओढला. येण्याजाण्याची वाट बंद झाली, घरात पुन्हा विषय निघाला, पण काय सांगू! पूर्वी सबचं बटण घड्याळाच्या दोनवर असायचं, आता दहावर पुरतं. विमान उडतानाचा आवाज सोफ्यातून पाठीत शिरतो आणि काचा गप्प.

दोन अडचणी आहेत. एक, पुरुषी आवाजातले संवाद अधूनमधून उजवीकडून, सबमधून आल्यासारखे वाटतात. दोन, रिसीव्हरने आपोआप केलेल्या मापनाने सब ३.४ मीटरवर असल्याचं दाखवलं. तो तर हाताच्या अंतरावर आहे!

जुनं खोड:
दुसऱ्याचं आधी. तो आकडा हाताने दुरुस्त करू नका. सबमधलं इलेक्ट्रॉनिक्स आवाजाला किंचित उशीर करतं, रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून मोजतो. तेच बरोबर आहे.

पहिल्यासाठी क्रॉसओव्हर बघा, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबकडे जातो तो आकडा. बहुधा १०० किंवा १२० वर असेल. सब इतका जवळ असताना ८० च्या वर जाऊ नका. स्पीकर झेपवत असतील तर ७० करून बघा.

खर्जवेडा:
१२० वरच होता! ८० वर आणला आणि संवाद पडद्यावर गेले. सोफा आणि भिंतीमधली जागा आता फूटपट्टीने मोजली: ३२ सेंटीमीटर. त्यात बसेल असाच घ्यायचा. मग या दोघांत कुठला?

जुनं खोड:
सिनेमाच बघत असाल तर आठ इंची जोडी, म्हणजे मायक्रो. संगीत जास्त आणि आवाज बेताचा असेल तर केसी६२ पुरतो, तो जेमतेम २५ सेंटीमीटरचा आहे. दोन्हींत कोन पाठीला पाठ लावून उलट दिशांना ढकलतात, म्हणून पेटी जवळजवळ थरथरत नाही. सोफ्याला खेटून ठेवताना हे महत्त्वाचं. मात्र दोन्ही बाजूंच्या कोनांना श्वास घ्यायला थोडी जागा सोडा, सोफ्याचं कापड कोनाला घासू देऊ नका. आणि परत करायची मुभा असेल तिथूनच घ्या.

गप्पगार:
आणि दार आता पूर्ण उघडतंय का, ते कळवा.