‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणजे कोणाशी निष्ठ?

प्रश्न: एका अहवालात ‘निबंधाला गुण देण्याची पद्धत व्यक्तिनिष्ठ आहे’ असं लिहिलं. वरिष्ठांनी समासात शेरा मारला, ‘कोणत्या व्यक्तीशी निष्ठा?’ आता काय लिहू? ‘पक्षपाती’ चालेल?

उत्तर: ‘पक्षपाती’ नको, तो सरळ आरोप होईल. आणि वरिष्ठांचं अगदीच चुकलं नाही. संस्कृतात समासाच्या शेवटी येणारा ‘निष्ठ’ म्हणजे ‘च्या ठायी असलेला’. म्हणून ज्याचा आधार बघणाऱ्या माणसात ते व्यक्तिनिष्ठ, ज्याचा वस्तूत ते वस्तुनिष्ठ. पण मराठी कानाला निष्ठा म्हटलं की इमान आठवतं. ‘पक्षनिष्ठा की व्यक्तिनिष्ठा’ असं राजकारणाबद्दल सर्रास लिहितात, तिथे इमानच अभिप्रेत असतं. ‘वस्तुनिष्ठ’ची ही पंचाईत होत नाही, वस्तूशी कोण इमान राखणार! मी अशा जागी ‘व्यक्तिसापेक्ष’ लिहितो. जागा असेल तर ‘तपासणाऱ्यागणिक गुण बदलतात’, याहून बरं काही नाही.

प्रश्न: पण मग पूर्वग्रह वेगळा कसा? दोन्हीकडे आपलंच मत ना?

उत्तर: एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात थोडा वेळ धरा आणि मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात बुडवा. तेच पाणी एका हाताला गार लागेल, दुसऱ्याला गरम. यात कुणाचा कुणावर राग नाही, अनुभवच सापेक्ष आहे. पूर्वग्रहात हात बुडवण्याआधीच मत ठरलेलं असतं. त्यातला ‘ग्रह’ म्हणजे ‘माझा असा ग्रह झाला’ यातला, समज या अर्थाचा. तो अनुकूलही असू शकतो; सुवाच्य अक्षर पाहून ‘पोरगं हुशार दिसतंय’ म्हणणं हाही पूर्वग्रहच. ‘अढी’ आणि ‘आकस’ मात्र कायम विरोधातच. अढी मनात बसते आणि बसून राहते. आकसाने माणूस काहीतरी करून बसतो. पक्षपात तर करणीतच दिसतो. मनात ढीगभर पूर्वग्रह असूनही गुण चोख दिले, तर पक्षपात झाला असं म्हणता येणार नाही. बोलताना आपण ‘झुकतं माप दिलं’ किंवा ‘डावं-उजवं केलं’ म्हणतो, तेही करणीबद्दलच.

प्रश्न विचारणाऱ्याकडून: ‘व्यक्तिसापेक्ष’ करून पाठवलं. नवा शेरा आलाय: ‘कोणत्या व्यक्तीची अपेक्षा?’