मदत हवी आहे: हुकवाली १९०७ पॅटर्नची संगीन अस्सल आहे का, कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेलेल्यांची दगडी पाटी आहे. तिच्याशेजारी काचेच्या पेटीत ली-एनफिल्ड रायफलीची एक संगीन ठेवायचा विचार आहे. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे ती विकायला आहे. पेटीवर चुकीचं काही लिहिलं गेलं तर पुढची पोरं तेच खरं धरतील, म्हणून आधी इथे विचारतोय.

व्यापारी म्हणतो, "१९०७ सालची, कूतच्या वेढ्यातली." (कूत म्हणजे आजच्या इराकमधलं गाव; तिथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढलं होतं.) पण १९०७ हे पॅटर्नचं, म्हणजे नमुना ठरवल्याचं साल. घडवल्याचा महिना आणि साल पात्याच्या मुळाशी, त्या आकड्याखाली बारीक ठशात असतं. इथे ते ७ '११ आहे. वर मुकुट आणि जी.आर. (राजा जॉर्जची आद्याक्षरं), खाली विल्किन्सन या कारखानदाराचं नाव. सातवा एडवर्ड १९१० मध्ये वारला, तेव्हा जी.आर. बरोबर जुळतं. दुसऱ्या अंगाला बाण (सरकारी मालकीची खूण), पातं वाकवून तपासल्याची फुली आणि तपासनिसांचे मुकुट आहेत. पातं १७ इंच भरतं. मुठीच्या लाकडावर दोन आडवे चर नाहीत, म्हणजे १९१३ च्या पॅटर्नची नाही.

अडलंय ते पुढे. मुठीजवळच्या आडव्या पट्टीचा वळलेला हुक शाबूत आहे, आणि मुठीच्या टोकाच्या लोखंडात आरपार भोकही आहे. हुक १९१३ मध्ये बंद झाला आणि जुन्या संगिनी दुरुस्तीला आल्या की बहुतेकदा कापला जाई. संगीन रायफलीवर बसते त्या खाचेतला चिखल काढता यावा म्हणून भोक पाडायला लागले १९१६ पासून. मग भोक पाडणाऱ्याने हुक का ठेवला? हुकामुळे किंमत बरीच चढते, त्यामुळे तो मागाहून वेल्डिंगने जोडला असेल अशी शंका येते. शिवाय कूत २९ एप्रिल १९१६ ला पडलं. भोक पाडलेली संगीन त्या वेढ्यात असणं मला तरी पटत नाही.

न घासता, न खरवडता जोड ओळखता येतो का? आणि कागदपत्रांचं काय? शस्त्र नियमांच्या यादीत संगिनीचं नाव आहे, आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते.

प्रतिसाद:

दादा, हुक आणि भोक एकत्र दिसलं म्हणून लगेच खोटी ठरवू नका. हुक कापायचा राहून गेलेले नग सापडतात. अस्सल पट्टी आणि हुक एकाच लोखंडातून घडवलेले असतात. दहापट भिंग घ्या, टॉर्च तिरका धरा आणि वळणाच्या मुळाशी बघा. रेघ, बारीक छिद्रं, कानशीचे ताजे ओरखडे किंवा गंजाचा वेगळा रंग दिसला तर व्यवहार सोडा. पट्टी जुनी काळवंडलेली आणि हुक मात्र चकचकीत, असं असेल तरी तेच. भोकाच्या आतली कड आणि बाहेरचं लोखंड सारखंच जुनं दिसायला हवं.

बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची होती. कूतची गोष्ट व्यापाऱ्याच्या तोंडची आहे, तिचे जादा पैसे देऊ नका. परवान्याबाबत खरेदीआधी पोलीस ठाण्यात विचारा आणि पक्की पावती घ्या. मुठीच्या टोकावर पलटणीचा ठसा असेल, तर त्याचा जवळून काढलेला फोटो इथे टाका.