घरच्यांनीच करायचं, म्हणजे नेमकं कुणी?

शांघायकर_सानिका
इथे चीनमध्ये, शांघायला, आमच्या समोरच्या आजी पाचव्या मजल्यावर राहतात. पक्षाघाताला तीन वर्षं झाली. इमारत जुनी, सहा मजली, लिफ्ट नाही. सगळं लेक करते. एकुलती एक, १९८१ चा जन्म. नोकरी सोडली तिने. इथल्या सरकारचं जुनं गणित '९०-७-३': शंभरातले ९० म्हातारे घरी, ७ वस्तीतल्या सेवांच्या आधाराने, ३ संस्थेत. माझं मत: यातलं 'घरी' म्हणजे एका बाईच्या अंगावर. संस्था वाढवा.

नाना_वाईकर
आईबापाचं करायचं तर त्याचा हिशोब कसला मांडता? चिनी लोकांत 'श्याव', म्हणजे मातृपितृसेवा, कन्फ्यूशियसच्या काळापासून आहे. आणि सरकार हातावर हात ठेवून बसलेलं नाही. दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा २०१६ मध्ये १५ शहरांत सुरू केला, २०२० मध्ये ४९ शहरांपर्यंत नेला. त्या विम्यातून माणूस घरी येऊन अंघोळ घालून जातो.

शांघायकर_सानिका
किती वेळ येतो, नाना? पूर्ण परावलंबी माणसाला आठवड्याला ७ तास. दिवसाला एक. उरलेल्या २३ तासांत कूस कोण बदलणार? पूर्णवेळ बाई ठेवावी तर परवडत नाही. (तिला इथे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. मला पहिले कित्येक महिने 'आई'च ऐकू यायचं.)

मुद्द्याचं_बोला
संस्था हा उपाय नाही. अनोळखी खोलीत म्हातारं माणूस खचतं. चीनच्याच चेंगडू शहरात नातेवाइकालाच प्रशिक्षण देऊन विम्यातून पैसे मिळू शकतात. ते सगळीकडे करा.

शंकासूर
झालं! मग बाकीचे नातेवाईक म्हणणार, 'तुला मिळतात ना पैसे?' आणि ती लेक कायमची अडकणार. शिवाय आजवर तिथल्या कामगार बायका पन्नाशीला निवृत्त होऊन आधी नातवंडं, मग सासूसासरे सांभाळत. २०२५ पासून ते वय टप्प्याटप्प्याने ५५ होतंय. सरकारला ती कारखान्यातही हवी आणि उशाशीही.

मुद्द्याचं_बोला
मग फुकट राबणं बरं का? पैसे मिळाले तर निदान औषधांचा खर्च तरी सुटेल.

नाना_वाईकर
सगळे लेकीचंच बोलताय. त्या आजींना कुणी विचारलं का, कुठे राहायचंय?

शांघायकर_सानिका
विचारलं. घरीच म्हणाल्या, हा मुद्दा तुमचा. पण एकदा खाली बागेत न्या, असंही म्हणाल्या. लिफ्ट बसवायचं दोन वर्षं चाललंय. उजेड जाईल म्हणून तळमजलेवाले सही देत नाहीत.