लिस्टनची हौशी कारकीर्द

अमेरिकन मुष्टियोद्धा सॉनी लिस्टन याची हौशी कारकीर्द इतकी तोकडी होती की तिची दखल घेण्याचे कारण नाही, हे मत मला पटत नाही. दरोड्याच्या गुन्ह्यासाठी मिसूरीच्या तुरुंगात असताना तिथल्या धर्मगुरूंच्या प्रोत्साहनाने तो मुष्टियुद्ध शिकला, 1952 मध्ये पॅरोलवर सुटला आणि लगेच पुढच्या वर्षी शिकागोच्या गोल्डन ग्लव्हज या हौशी मुष्टियोद्ध्यांच्या स्पर्धेत त्याने हेलसिंकी ऑलिंपिकचा हेवीवेट सुवर्णपदक विजेता एड सँडर्स याला हरवले. सुटकेनंतर वर्षभराच्या आत मिळवलेले हे यश मला विलक्षण वाटते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो सेंट लुइस येथे व्यावसायिक झाला. परंतु गुन्हेगारी जगताशी संबंध असलेल्या लोकांनी त्याच्या कारकिर्दीचा ताबा घेतला, ही त्याची खरी शोकांतिका होय. (तुरुंगातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या तरुणाला दुसरे कोण उभे करणार होते, हाही प्रश्न आहेच.) पुढे पोलीस अधिकाऱ्यावरील हल्ल्याच्या प्रकरणात त्याला पुन्हा कैद झाली आणि 1957 चे संपूर्ण वर्ष तो रिंगणाबाहेर राहिला. 1962 मध्ये तत्कालीन हेवीवेट जगज्जेता फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच फेरीत नमवून तो जगज्जेता झाला, तरी न्यूयॉर्कने त्याच वर्षी त्याला लढण्याचा परवाना नाकारला होता.