जिप्सीचं मागचं डिफरन्शियल वेल्ड करून घ्यावं का?

काजूबाग_सावंतवाडी
नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, पेट्रोल, फोर बाय फोर. बागेकडे जाणारी वाट जांभ्याच्या कातळातून चढते आणि पाऊस सुरू झाला की वरची लाल माती साबणासारखी होते. एका वळणावर तिरके चर पडलेत. तिथे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम हवेत जातं, आणि फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकूनसुद्धा तीच दोन चाकं गरगर फिरत बसतात. जमिनीवरची दोन ढिम्म. मग खाली उतरून फावडं.

गावातला वेल्डर म्हणतो, डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटून वळणावर त्यांना कमीजास्त फिरू देणारा गिअरचा संच) आणून द्या, आतले गिअर चिकटवून देतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतील. पैसे किरकोळ सांगतोय. याच गाडीने महिन्यातून एकदा-दोनदा आंबोली घाटाने कोल्हापूरला येणं असतं. कोणी केलंय का हे?

थारवाला_चिंचवड
माझ्या थारला मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल कंपनीकडूनच आलंय. एक चाक दुसऱ्यापेक्षा साधारण १०० आरपीएमने जास्त फिरायला लागलं की खाडकन लॉक होतं. वळणावर एरवी सुटंच असतं. वेल्ड केलेलं कधीच सुटत नाही, फरक एवढाच. पण तो फरक फार मोठा आहे.

मालवणी_माणूस
मेल्या, गाडी वेल्ड करूच्या आधी वाट नीट कर.

उद्यमनगरचा_मिस्त्री
भावा, आयुष्य कोल्हापुरात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल उघडण्यात गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेल्डर खोटं बोलत नाही. स्टार गिअर आणि साइड गिअर (डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर) एकमेकांना आणि केसला (त्यांच्या कवचाला) चिकटवले की दोन्ही चाकांचे शाफ्ट एक होतात, एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. तुझ्या तिरक्या चरात गाडी नक्की निघेल. स्पर्धेच्या गाड्यांना पोरं हे करतात, पण त्या गाड्या ट्रकवर चढून येतात आणि ट्रकवर चढूनच घरी जातात.

तू आंबोलीतून येणार. जिप्सीच्या मागच्या दोन चाकांत साधारण १.३ मीटर अंतर. पूर्ण उलट्या वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा चार मीटर जास्त चालतं, म्हणजे चाकाचे जवळजवळ दोन फेरे. हे दोन फेरे कुठंतरी जिरायला पाहिजेत. कोरड्या डांबरावर टायर घासतो, शाफ्टला पीळ बसतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ रेटते. ओल्या डांबरावर मागचं बूड सरकतं. धुक्यात, समोरून एसटी येत असताना ते सरकायला नको.

दुसरी गोष्ट तुझ्या वाटेबद्दल. एका बाजूला उतार आहे का? सुट्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं न फिरता जमीन धरून असतं, तेच गाडीला आडवं सरकू देत नाही. लॉक असलं की दोन्ही एकदम फिरतात आणि बूड दरीकडं जातं. चिखलाच्या आडव्या उतारावर हे डोळ्यांनी बघितलंय.

एवढं ऐकूनही करायचंच असेल तर ओरिजिनल डिफरन्शियलला हात लावू नकोस. जुन्या बाजारातून दुसरं घे, ते वेल्ड कर, आपलं मूळचं तेल लावून गुंडाळून ठेव. घेताना क्राउन आणि पिनियनचे (इंजिनचा जोर डिफरन्शियलला देणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) दात मोजून घे. पुढच्या एक्सलशी दातांचं प्रमाण (रेशो) जुळलं नाही तर फोर बाय फोर टाकल्यावर पुढचं-मागचं एकमेकांशी भांडत बसेल.

आणि काम खिडकीचं ग्रिल जोडल्यासारखं करून चालत नाही. गिअर वरून कडक केलेले असतात, थंड्यावर आणि तेलकट अंगावर टाका मारला की तो शेजारीच तडकतो. तुटलेला तुकडा क्राउन-पिनियनमध्ये गेला तर चालत्या गाडीची मागची चाकं जाम. म्हणून सगळं सुटं कर, बेरिंग काढ, क्राउन काढ. बेरिंग ठेवून वेल्ड केलं आणि अर्थिंग भलतीकडं लागलं तर करंट रोलरमधून जातो आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. पुढं तेच घूंऽऽ करत बसतं. तेल पेट्रोलनं नाही, क्लोरीन नसलेल्या ब्रेक क्लीनरनं काढ. ते पूर्ण उडून गेल्याशिवाय गरम करायला घेऊ नकोस, त्या वाफा विषारी असतात. मग केस सगळीकडून गरम कर, पाण्याचा थेंब टाकला तर तो न बसता गोळी होऊन पळाला पाहिजे, म्हणजे दोनशे डिग्रीच्या आसपास. वेल्डिंगचा रॉड ७०१८ (कमी हायड्रोजनचा), भट्टीत वाळवलेला. झालं की कोरड्या राखेत पुरून रात्रभर तसंच. पाणी मारायचं नाही. बसवताना बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर बघायचा. तुझा वेल्डर यातलं किती करणार ते त्यालाच विचार.

काजूबाग_सावंतवाडी
मिस्त्री, मनापासून आभार. हो, डाव्या हाताला उतार आहे, खाली ओढा. एक शंका. पुढे फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडता-जोडता येणारे) बसवलेत. मग मागचं सोडून पुढचंच वेल्ड केलं तर? रस्त्यावर हब सोडले की पुढचं डिफरन्शियल फिरणारच नाही, मग घाटात काही त्रास नाही.

उद्यमनगरचा_मिस्त्री
डोकं बरोबर चाललंय. रस्त्यापुरतं तू म्हणतोस ते खरं. पण हब लावून वाटेवर चढलास की स्टीअरिंग हाताला येत नाही, गाडी सरळच जाते, आणि तुझा चर आहे वळणावर. चाकं वळलेली असताना पुढच्या जॉइंटवर (वळलेल्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) सगळा जोर एका बाजूला आला की तो कडकन जातो. जिप्सीचे पुढचे जॉइंट काही ट्रकचे नाहीत.

आधी हे करून बघ. टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरव (वर आल्यावर परत भरायला छोटा कॉम्प्रेसर ठेव). चरात अडकलास की अॅक्सिलरेटर हलका धरून डाव्या पायानं ब्रेक थोडा दाब. हवेतल्या चाकाला अडवलं की तेवढाच जोर जमिनीवरच्या चाकाला मिळतो. फार नाही, पण पुष्कळदा तेवढ्यावर निघते. आणि मालवणी भाऊंचं ऐक. त्या दोन चरांत जांभ्याचं डबर टाक, पाणी जायला कडेनं पाट काढ.

मालवणी_माणूस
डबर हवा तर सांग, आमच्याकडे जुन्या घराचो पडलोहा. भरून नेऊक गाडी तुझी.

काजूबाग_सावंतवाडी
येतो रविवारी. वेल्डरला सध्या थांब म्हणून सांगितलंय. मिस्त्री, १८ पीएसआयवर कातळाचे दगड टायरच्या बाजूला लागून कापणार नाहीत ना?

उद्यमनगरचा_मिस्त्री
लागतील, जोरात गेलास तर. चिखलाच्या टप्प्यापुरतीच उतरव, कातळावर २२ ठेव आणि पहिल्या गिअरमध्ये जा.