बालकार्यशाळेचं सामान: चमकी मागवू का?

नमस्कार मंडळी,
मुलं तीस, वयं अडीच ते दहा. यादीत रंग, माती, मणी, पाण्यात फुगणारे गोळे, डिंक आणि चमकीचे दोन डबे. सगळ्यावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलंय. हरकत नसेल तर आज रात्री ऑर्डर टाकतो.
– खजिनदार

खजिनदारसाहेब, जरा थांबा!
'नॉन-टॉक्सिक' काय, कुणीही छापतं. डब्याच्या मागची बाजू बघा. 'ईएन ७१-३' (खेळण्यांचं युरोपीय सुरक्षा मानक) असेल तर शिसं, कॅडमियम वगैरे किती बाहेर झिरपू शकतं यावर मर्यादा आहे. 'एएसटीएम डी-४२३६' (कलासाहित्याच्या लेबलचं अमेरिकी मानक) एवढंच असेल तर त्याचा अर्थ 'निर्धोक' असा नाही; दीर्घकाळात होणारा धोका असला तर तो लेबलवर सांगितलाय, इतकाच.

फुगणारे गोळे आधी काढा, सगळ्याच वयांसाठी. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात आणि एक्स-रेत बहुधा दिसतही नाहीत. मण्यांचं म्हणाल तर तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी चाचणीची नळी ३१.७ मिमी व्यासाची असते. तिच्यात अख्खा मावेल असा तुकडा चालत नाही. आपले मणी त्यात मूठभर मावतील. अडीच वर्षांच्यांना वेगळं टेबल द्या, मण्यांशिवाय.

चमकी म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक, प्लॅस्टिकचे बारीक कण. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंधनं आणलीत. मागच्या वेळची माझ्या गाडीच्या सीटवर अजून आहे, ते वेगळंच. 'नैसर्गिक' चमकी मिळते, ती घेऊ या का?
– बालविभाग

ताई, 'नैसर्गिक' म्हणजे बहुतेक वेळा अभ्रक. झारखंड-बिहारच्या पट्ट्यात बंद पडलेल्या खाणींच्या आसपास लहान मुलं त्याचा चुरा वेचतात. तिकडे त्याला 'ढिबरा' म्हणतात. त्यासाठी खणलेलं बीळ ढासळून माणसं गाडलीही जातात. अभ्रक खरेदी करणाऱ्या कंपन्यांनी २०१७ मध्ये 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' हा जबाबदार खरेदीचा उपक्रम काढला, तरी मधल्या दलालांमुळे माल नेमका कुठून आला हे शोधणं अवघड. आपल्या पोरांच्या कागदावर चमक यावी म्हणून दुसऱ्याच्या पोरांनी बिळात उतरायचं, हे मला तरी नको. विक्रेत्याला अभ्रक कुठल्या खाणीचं ते विचारा. उत्तर आलं तर पुढे बोलू.
– वाचनालय

विचारलं. उत्तर आलं: 'प्रीमियम क्वालिटी.' चमकी आणि गोळे रद्द. वाळलेली पानं आणि जुन्या मासिकांची गुळगुळीत पानं पंचिंग मशीनने टोचून टिकल्या करू. मशीन कुणाकडे आहेत? निदान चार लागतील.
– खजिनदार