प्रतिसाद: दोन बैठका झाल्या तरी टाच दुखतेच आहे

‘दोन बैठका झाल्या, फरक शून्य, म्हणजे शॉकवेव्ह फसवी’ हे वर आलेलं मत मला घाईचं वाटतं. (शॉकवेव्ह म्हणजे टाचेच्या दुखऱ्या जागी मशिनने दाबाच्या लाटा सोडायचा उपचार; एका वेळचा उपचार म्हणजे एक बैठक.) सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे खरंच. पण निकाल दोन बैठकांत लागत नाही. साधारण आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच बैठका होतात आणि खरा फरक त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी तर तीन महिन्यांनी कळतो. माझी टाच तिसऱ्या बैठकीनंतरही सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना खिळा टोचावा तशी दुखायची. दीड महिन्याने एका सकाळी नळापाशी पोचल्यावर लक्षात आलं, आज लंगडलो नाही. पोटरीचे ताण मात्र मी रोज देत होतो, तेही सांगायला हवं.

इथे कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे, मशिनं दोन जातींची असतात. रेडियल मशिनमध्ये हवेच्या दाबाने आतली गोळी त्वचेला टेकवलेल्या टोकावर आदळते. तिचा जोर त्वचेपाशी सर्वाधिक असतो आणि खोल जाताना पसरत, कमी होत जातो. फोकस्ड मशिन लाटा आत ठरावीक खोलीवर एकवटतं. मूतखडे फोडायला १९८० साली जर्मनीत वापरलं गेलं ते तंत्र हेच. तेव्हा आपल्यावर कोणतं वापरलं हे आधी विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर पहिल्या बैठकीआधीच डॉक्टरांना सांगा, कृपा करून.